सहाव्या रिळातली सावली

गारागुयी, ३ सप्टेंबर १९३६

ग्लेब कास्यानोविच,

सलाम-दुवा लिहीत नाही. तुमचा सिनेमा आमच्या वाळवंटात येऊन पोहोचला, एवढं कळवायला लिहिते आहे.

दोन उंटांवरून आला. एकावर यंत्र आणि हाताने फिरवायचा डायनामो, दुसऱ्यावर सात रिळांचे पत्र्याचे डबे. मागून पायी अर्ताश, आमचा यंत्रचालक. पन्नाशीचा अर्मेनियन माणूस आहे, कंबर धरलेली, उंटावर बसला की ओरडतो आणि उतरला की त्याहून मोठ्याने ओरडतो. आणि त्याच्या मागे मी. फिरत्या सिनेमाची दुभाषी. शहरात तुमचा सिनेमा बोलतो म्हणे, बंदुकांचे आवाज काढतो. आमच्याकडे मुकी प्रत येते. मधूनमधून रशियन अक्षरांची पाटी येते, ती मी वाचायची आणि बायांना तुर्कमेनमध्ये सांगायची. पुरुष संध्याकाळी उघड्यावर बघतात. बायांचा खेळ भर दिवसा, मोठ्या पांढऱ्या तंबूत, छताचं धुराचं भोक नमद्याने, जाड लोकरी कापडाने, बंद करून. आत इतका उकाडा होतो की म्हाताऱ्या पदर सोडून बसतात.

मी कोण, असं तुम्ही म्हणाल. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या चाळीस माणसांना तंदूरमधून रोट्या काढून देणारी बाई आठवते? तुम्ही येऊन म्हणायचात, ‘वा मालकीणबाई, मॉस्कोत असा सुगंध येत नाही.’ मी तुम्हाला रशियनमध्ये उत्तर दिलं तेव्हा तुम्ही दचकला होतात. चार वर्षं अश्खाबादच्या मुलींच्या शाळेत काढली आहेत मी. ती मी, ओगुलगेरेक. मेरेतची बायको. तुमच्या यादीत मेरेत म्हणजे ‘डाकू क्रमांक चार’.

आता सिनेमाविषयी. बायांना आवडला. लाल सैनिक विहीर धरून बसतात, बाहेर डाकू तहानेने तडफडतात, विहीर कोरडी आहे हे डाकूंना माहीत नाही, हे सगळं त्यांना लगेच कळलं. कोरड्या विहिरीची गोष्ट आमच्या बायांना समजावून सांगायला लागत नाही. घोडे धावले तेव्हा टाळ्या पडल्या. मग सहावं रीळ लागलं.

मी ते आधी पाहिलं नव्हतं. अर्ताशने मला सांगितलं नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं. पडद्यावर माझा नवरा सरपटत आला.

तंबूत कुणीतरी म्हणालं, ‘अगं बाई, हा तर आपला मेरेत!’ तो विहिरीपासून वीस पावलांवर थांबला. उताणा पडला. हात विहिरीकडे, जसं तुम्ही सांगितलं असणार. आणि मग तो कुशीवर वळला. हळूहळू, कोपर टेकत, विहिरीकडे पाठ करून. किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून, आमच्यात मरणाऱ्याला वळवतात तसं. तिथे थांबला.

शेजारच्या बिबी-एजेने माझा हात धरला. सत्तरीची बाई आहे, चार मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. ती म्हणाली, ‘पोरी, हा नाटक करत नाहीये.’

‘माहीत आहे, एजे.’

‘खेळातसुद्धा कुणी किब्ल्याकडे तोंड करून मरत नाही गं. लहान पोरंसुद्धा करत नाहीत. अपशकून असतो.’

पाटी आली. ‘शत्रू हतबल.’ मी ती वाचली आणि तुर्कमेनमध्ये सांगितली. नोकरी आहे माझी.

तुमच्या माणसांनी मला मागच्या वर्षी कागद दिला होता. ऊन लागून मृत्यू, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मी तो नीट घडी घालून ठेवला होता आणि एक वर्ष त्याच्यावर विश्वासही ठेवला. आता तुमच्या रिळात खालच्या कोपऱ्यात एक सावली दिसते. रुंद काठाच्या हॅटची. असली हॅट तिथे फक्त तुमच्याकडे होती. मेरेत वळायला लागल्यापासून थांबेपर्यंत अर्ताशने मोजलं, चाळीस सेकंद होतात. सावली हलत नाही.

उत्तर द्या.

ओगुलगेरेक


बोखुर्दाक, २० नोव्हेंबर १९३६

ग्लेब कास्यानोविच,

तुम्ही उत्तर द्याल असं वाटलं नव्हतं. सहा पानं लिहिलीत. अर्ताश म्हणाला, ‘सहा पानं म्हणजे नक्की गुन्हा केलाय. निर्दोष माणूस अर्ध्या पानात आटोपतो.’

मी तुमची पानं इतक्यांदा वाचली की आता न बघता म्हणू शकते. तुम्ही लिहिता, चेहऱ्याच्या रंगांनी खरे फुटलेले ओठ होत नाहीत. तुर्कमेन माणूस रोटीवर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाही, असं तुम्ही कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तुम्ही आठही डाकूंना बोलावलंत, रोटी मोडलीत, मीठ लावलंत, सगळ्यांनी खाल्ली, आणि दृश्य होईपर्यंत पाणी प्यायचं नाही असं ठरलं. सकाळी ठरलं. संध्याकाळी दृश्य व्हायचं होतं. मग कॅमेऱ्यात वाळू गेली. दृश्य दुसऱ्या दिवसावर गेलं. आणि तुम्ही त्या आठ जणांना ‘आता प्या’ असं सांगायला विसरलात.

ती रोटी मी भाजलेली होती. हे तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल.

विसरलात हे मला पटतं. चाळीस माणसं, घोडे, कॅमेरा, वाळू. माणूस विसरतो. गुर्बानला, मेरेतच्या चुलतभावाला, मी विचारलं. तो डाकू क्रमांक पाच होता. इतके दिवस माझ्यासमोर येत नव्हता, का ते आता कळलं. तो म्हणाला, ‘वहिनी, आम्ही सात जणांनी रात्रीच टेकाडामागे जाऊन प्यायलं. पोटभर. मेरेतला म्हटलं, ये ना रे, तो हॅटवाला काय बघायला बसलाय?’

‘मग?’

‘म्हणाला, रोटीवर हात ठेवलाय. आम्ही म्हटलं, अरे, त्या रशियन माणसाला रोटीचं काय कळतंय! तर म्हणतो, त्याला कळत नसेल, रोटी तर आपली आहे ना. आम्ही हसलो त्याला. सकाळी परत म्हटलं तेव्हा हसणंही नव्हतं, ओठांतून आवाज निघत नव्हता त्याच्या. त्या हॅटवाल्याने एक शब्द सोडला असता तर त्याने प्यायलं असतं. आम्हाला वाटलं, आता थोड्या वेळात होऊन जाईल.’

मी गुर्बानला शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या. पण गुर्बान भित्रा माणूस आहे आणि भित्रा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

मेरेत खुळा होता का? बिबी-एजे म्हणते खुळा होता, आणि म्हणताना रडते. आमच्यात असले खुळे अजून निघतात. विहिरी खणणारा माणूस तो, दोराच्या शब्दावर जगलेला. वर दोर धरणाऱ्याने ‘धरलाय’ म्हटलं की खाली उतरायचं, मग तीस हात खाली गेलं तरी वर बघायचं नाही. तुम्ही वर दोर धरून उभे होतात.

आता तुमचं चौथं पान. तिथे तुम्ही लिहिता, चौथ्या-पाचव्या सेकंदाला तुम्हाला वाटलं की काहीतरी बिघडलंय. त्याचे डोळे अभिनेत्याचे नव्हते. पण कॅमेरा चालू होता, प्रकाश उत्तम होता, आणि असं दृश्य पुन्हा मिळत नाही. तुम्ही मनात म्हणालात, अजून थोडं. मग लिहिता की तेव्हापासून तुम्हाला झोप येत नाही, आणि मला सगळं सांगून टाकल्यावर हलकं वाटतंय.

हलकं वाटतंय!

तुम्ही मला कबुली पाठवलीत की औषधाची चिठ्ठी? चाळीस सेकंदांत पाण्याची मशक तुमच्यापासून किती पावलांवर होती, ते नाही लिहिलंत. मी सांगते. गुर्बानने दाखवलं मला. अकरा पावलांवर.

म्हणून आता मी काय करते ते ऐका. सहावं रीळ लागलं की मी पाटी वाचत नाही. मी उभी राहते आणि सांगते, ‘बायांनो, हा मेरेत, माझा नवरा. हा खरंच मरतोय. आणि तो कोपरा बघा, ती सावली. तो ग्लेब कास्यानोविच. मॉस्कोत राहतो. त्याच्याजवळ पाणी होतं.’ गेल्या दोन महिन्यांत अकरा वस्त्यांवर सांगितलं. बाया पडद्यावर थुंकतात. अर्ताश रोज ओल्या फडक्याने पडदा पुसतो आणि करवादतो, ‘ओगुल, पाटीवर दोन शब्द आहेत. तू पाच मिनिटं बोलतेस. डायनामो कोण फिरवतंय? मी! आणि उद्या रशियन येणारी एखादी बाई बसली तंबूत, मग?’

‘मग तिलाही कळेल.’

‘तुला तुरुंगात टाकतील आणि मला तुझ्या शेजारी. चार मुली आहेत मला. एकीचंही लग्न झालेलं नाही.’

‘मग पाठ कर त्या वेळी. तुला ऐकू आलं नाही म्हण.’

तो पाठ करतो. डायनामो मात्र सोडत नाही.

काराकुममध्ये तुमचं नाव आता बायांना पाठ आहे. अडेल उंटिणीला, आळशी सुनेला, चुलीत न पेटणाऱ्या लाकडाला, सगळ्यांना ‘मेला ग्लेब’ म्हणतात. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू. पण पुरेसं वाटत नाही.

ओगुलगेरेक


अश्खाबाद, ९ फेब्रुवारी १९३७

ग्लेब कास्यानोविच,

हे पत्र टपालात टाकत नाही. अर्ताशचा मेहुणा रेल्वेत आहे, तो मॉस्कोत हातोहात देईल. वाचून जाळा.

मला एका कार्यालयात बोलावलं होतं. कुठल्या ते लिहीत नाही, तुम्हाला कळेल. वाटलं, अर्ताश म्हणत होता ते झालं, कुणीतरी तंबूतली चुगली केली. चुगली केलीच होती. पण टेबलामागचा चष्मेवाला रागावलेला नव्हता. त्याने मला खुर्ची दिली. चहा दिला, साखर वेगळी, खड्यांची.

म्हणाला, ‘बसा, बहीण. तुमच्यावर अन्याय झालाय, आम्ही ऐकलंय.’

मी म्हटलं, ‘माझ्या नवऱ्याला एका माणसाने तहानेने मारलं.’

‘ग्लेब कास्यानोविचने.’

‘हो.’

‘आमचंही त्याच्याकडे लक्ष आहे,’ तो म्हणाला आणि एक कागद पुढे सरकवला. टंकलेखन केलेला, तयार. खाली माझ्या नावाची जागा मोकळी.

मी वाचला. मला रशियन येतं हे ते विसरले असावेत, किंवा त्यांना फरक पडत नसावा. त्यात लिहिलं होतं की तुम्ही सरहद्दीपलीकडच्या डाकूंशी संबंध ठेवून होतात. शूटिंगच्या नावाखाली विहिरींचे नकाशे काढून परदेशात पाठवलेत. सिनेमात डाकूंना मुद्दाम असं दाखवलंत की बघणाऱ्याला त्यांचीच दया यावी. आणि हे सगळं मी, रोट्या भाजणारी ओगुलगेरेक, डोळ्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, ‘यात पाणी कुठे आहे?’

‘कसलं पाणी?’

‘तो अकरा पावलांवर उभा होता. त्याने पाणी दिलं नाही. हे लिहा, मी आत्ता सही करते. हे बघा, त्याच्या हातची कबुली आहे.’ मी तुमचं चौथं पान त्याच्यासमोर ठेवलं. मी ते नेहमी जवळ बाळगते.

त्याने वाचलं. मन लावून वाचलं, चष्मा काढून पुसून परत वाचलं. मग मला परत दिलं. ‘हे तुमचं घरगुती दुःख आहे, बहीण. हे कुठल्या कलमात बसत नाही.’

‘माणूस मेला तो बसत नाही?’

‘माणूस ऊन लागून मेला. कागद आहे आमच्याकडे. तुम्हाला त्याला शिक्षा व्हायला हवी आहे ना? मग कशासाठी होते त्याने काय बिघडतं?’

ग्लेब कास्यानोविच, मी तुमचं चौथं पान घडी घालून परत पदरात ठेवलं. मी बाहेर येऊन बाजाराच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभी होते. माझ्या एका सहीने तुम्ही संपाल. किती सोपं आहे, पेन शाईत बुडवायचं. आणि त्या कागदातला एकही शब्द खरा नाही, माझ्या नावाशिवाय.

निघण्याआधी मी नवरोजपर्यंत, मार्चातल्या आमच्या नव्या वर्षापर्यंत, मुदत मागितली होती. म्हटलं, सासूबाईंना विचारायला हवं. तो हसून म्हणाला, ‘विचारा, विचारा. पण त्यानंतर पुन्हा चहा मिळायचा नाही.’

तेव्हा हे ऐका. मी तुम्हाला एक वाट देते. ती मला द्यायची नव्हती, सासूबाईंनी द्यायला लावली. आमच्यात ज्याच्या हातून माणूस गेला तो मेलेल्याच्या घरी पायी येतो. टोपी काढून उंबऱ्याबाहेर बसतो. ज्येष्ठांसमोर आपल्या तोंडाने सांगतो, मी असं असं केलं. मग घरातली म्हातारी बाई एकतर त्याला पाणी देते, नाहीतर देत नाही. दिलं तर सूड संपला. त्यानंतर त्याच्यावर कुणी हात उचलत नाही, त्याच्याविरुद्ध कुठे तोंड उघडत नाही. नाही दिलं तर तो उठून आपल्या वाटेने जातो आणि पुढचं पुढे.

या. गारागुयीला या, सासूबाईंच्या दाराशी बसा. त्या ‘चाळीस सेकंद’ म्हणा, ‘अकरा पावलं’ म्हणा. सहा पानांत लिहिता येतं तर तोंडाने म्हणता येईल. सासूबाई पाणी देतील की नाही मला माहीत नाही. मी दिलं नसतं. पण तुम्ही आलात तर मी त्या कागदाला हात लावणार नाही, मग माझं काही होवो.

नवरोजपर्यंत.

ओगुलगेरेक


अश्खाबाद, २ एप्रिल १९३७

ग्लेब कास्यानोविच,

हे पत्रही अर्ताशच्या मेहुण्याच्या हातीच देते. तुमची तार मिळाली. ‘शूटिंग ऐन भरात. मे अखेर नक्की येतो. समजून घ्यावे.’

नऊ शब्द. मी समजून घेतलं.

सासूबाईंना तार वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, ‘शूटिंग म्हणजे तेच ना, ज्यात आपला मेरेत गेला?’ मी म्हटलं, हो, तसंच दुसरं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तो परत कामात अडकलाय,’ आणि उठून उंटिणीची धार काढायला गेल्या. नवरोजच्या दिवशी त्यांनी दाराशी नवी चटई अंथरून ठेवली होती. तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी गुंडाळली.

काल सही केली.

घाईत नाही केली. आधी सगळा कागद पुन्हा वाचला. चष्मेवाला म्हणाला, ‘तुम्ही वाचलाय की.’ मी म्हटलं, ‘खोटं नीट पाठ असलेलं बरं.’ तो खळखळून हसला. मग मी नाव लिहिलं, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात, एकही डाग न पाडता. बाहेर आल्यावर मी बाजारातून एक खरबूज घेतलं, बसून एकटीने अर्धं खाल्लं. मेरेत गेल्यापासून मला चव लागली नव्हती, काल लागली.

तुम्ही म्हणाल, खोट्यावर सही केलीस. हो, केली. तुम्ही रोटी मोडलीत तेव्हा ती तरी कुठे खरी होती? तुम्हाला आमची रीत एका दुपारपुरती हवी होती, ओठ फुटण्यापुरती. मला तुमची रीत एका सहीपुरती हवी होती. वापरली.

आता तुम्हाला न्यायला येतील. खरं कशासाठी ते कुणी विचारणार नाही. नकाशे विचारतील, डाकू विचारतील, आणि तुम्ही शपथेवर सांगाल की हे खोटं आहे, आणि तुमचं कुणी ऐकणार नाही. तेव्हा माझी आठवण काढा. घशाला कोरड पडली की काढा.

ओगुलगेरेक


अश्खाबाद, २६ ऑगस्ट १९३७

ग्लेब,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला कुणी सांगत नाही. तुझ्या घरच्या पत्त्यावरून उन्हाळ्यात टाकलेलं एक पत्र परत आलं, ‘येथे राहत नाही’ असं लिहून. म्हणजे नेलं. जूनमध्ये नेलं असं अर्ताशच्या मेहुण्याने सांगितलं. मी ऐकलं आणि हातातली पिठाची परात खाली ठेवली नाही, मळत राहिले. हे जे व्हायला हवं होतं ते झालं, असं मी स्वतःला म्हटलं. आताही म्हणते.

दहा दिवसांपूर्वी आम्हाला हुकूम आला. तुझा सिनेमा बंद. जिथे जिथे प्रती आहेत त्या सगळ्या अश्खाबादच्या गोदामात आणून जमा करायच्या.

मी अर्ताशला म्हटलं, ‘बरं झालं. द्या नेऊन.’ मी डबे मोजत होते. सहाव्या डब्यावर हात गेला आणि मग मला कळलं. अर्ताशला ते केव्हाच कळलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

‘जमा करून काय करतात?’ मी विचारलं.

‘धुतात.’

‘म्हणजे?’

‘गरम पाण्यात सोडा घालतात. चित्र निघून जातं, खालची कोरी पट्टी राहते. ती लागते कारखान्यात कशाकशाला, वार्निश वगैरे.’ मग तो म्हणाला, ‘ओगुल, तुला काय वाटलं होतं? बनवणारा गेला आणि सिनेमा राहील?’

मला काहीच वाटलं नव्हतं. मी फक्त तुझा विचार केला होता, वर्षभर फक्त तुझा. मेरेतचा फोटो नाही आमच्याकडे. आमच्यात कोण काढून घेतं फोटो? सासूबाईंनी मुलाचा चेहरा शेवटचा पाहिला तो तुझ्या पडद्यावर. गारागुयीतल्या प्रत्येक खेळाला त्या पुढे बसायच्या. सावलीवर थुंकायच्या नाहीत त्या. सावली त्यांना दिसतच नव्हती.

मी चष्मेवाल्याकडे गेले. त्याने मला ओळखायला वेळ लावला. मी म्हटलं, मी सही केलेली बाई, माझ्या नवऱ्याच्या त्या चाळीस सेकंदांची बारा मीटर पट्टी मला द्या, बाकीचं जाळा. त्याने यादी काढली, बोट फिरवलं. ‘इथे तुमचा नवरा नाही. डाकू क्रमांक चार आहे. डाकूचं चित्र तुम्हाला कशाला हवंय?’ आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आभार मानून निघाले.

अर्ताशने कात्री काढली. खरंच काढली, चार मुलींच्या बापाने. ‘बारा मीटर,’ म्हणाला, ‘तुझ्या पदरात मावेल. मी म्हणेन, वाटेत तुटलं.’ पण गोदामात मीटर मोजून घेतात. बारा कमी भरले की विचारतात, आणि अर्ताशला नीट खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. मी त्याच्या हातातून कात्री घेतली आणि पेटीत टाकली. एका माणसाला मी सही करून घालवलं होतं. ते मला जमलं होतं. हे जमेना.

मग मी गोदामातल्या मुकादम बाईला भेटले. धुण्याच्या कामाला बाया लागतात, सोड्याने हात सोलतात म्हणून टिकत नाहीत. मी म्हटलं, मला ठेवा, पण हा सिनेमा माझ्या हौदात टाका. तिने ‘का’ असं विचारलं नाही. तीही विधवा दिसली, चेहऱ्यावरूनच कळतं.

तुला एक गोष्ट मी कधी लिहिली नाही. लाज वाटायची. त्या दिवशी मी विहिरीवर पोहोचले तोवर तुझ्या माणसांनी मेरेतला पुरलं होतं. उन्हामुळे, असं म्हणाले. डाकूच्या पोशाखात, रंगवलेल्या दाढीसकट, आंघोळ न घालता. माझ्या सासूबाईंना मी सांगितलं की मी घातली. त्यांनी विचारलं, पाणी पुरलं का? मी म्हटलं, पुरलं. तू विचारलंस तर दोन वर्षांतलं माझं सगळ्यात मोठं खोटं ते आहे, त्या कागदातलं नव्हे.

आज सकाळी सहावं रीळ हौदात आलं. मी पट्टी उजेडात धरून शोधली. तो सापडला. नखाएवढा मेरेत, एकाखाली एक, शेकडो. प्रत्येकात थोडासा जास्त वळलेला. गरम पाणी होतं. आमच्यात बायको नवऱ्याला अखेरची आंघोळ घालू शकते, तिला ती मुभा आहे. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरुवात केली. उजवीकडून आधी, मग डावीकडून, तीन वेळा, जसं घालतात तसं. काळं पाण्यात सुटत गेलं. मुकादम बाई येऊन उभी राहिली आणि परत गेली.

पण प्रत्येक चित्रात खालच्या कोपऱ्यात तू होतास.

मी अंगठ्याने प्रयत्न केला, फक्त त्याच्या बाजूने चोळायचं, तुझा कोपरा तसाच ठेवायचा. मेल्या, तुला आंघोळ घालायची नव्हती मला. परपुरुषाला आंघोळ घालणं आमच्यात बाईला हराम आहे, आणि तुला तर मी थेंबही दिला नसता. पण ते असं वेगळं निघत नाही. त्याला चोळलं की तूही सुटायचास, बोटांवर तीच राखाडी साय, कुठली त्याची आणि कुठली तुझी कळत नव्हतं. चाळीस सेकंदांसाठी मला दुपारपर्यंत वेळ लागला.

दुवा मात्र मी एकट्या मेरेतच्या नावाने म्हटली. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, स्पष्ट घेतलं, कुणाची गल्लत होऊ नये म्हणून. मग हौदाचं बूच काढलं. तो माझी दुवा घेऊन गेला. तुला मी तसाच नाल्यात सोडलं.

ओगुलगेरेक